सिमेंटच्या फरशीवर कडबा टाकल्यास डुकरे एकमेकांच्या शेपट्या चावणे थांबवतात का?

होय, सोलापूरकडे सहज मिळणारा ज्वारीचा कडबा रोज थोडा ताजा टाकल्यास शेपट्या चावणे बरेच कमी होते. डुकराला नाकाने उकरण्याची व चघळण्याची उपजत ओढ असते. उघड्या फरशीवर काहीच न मिळाल्यास ती शेजारच्या पिल्लाच्या शेपटीकडे आणि कानाकडे वळते, तर कडबा असल्यास त्याचे पेर दातांखाली फोडण्यात चावणारे डुकर गुंतून राहते. म्हणूनच युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार डुकरांना पेंढा, गवत, लाकूड असे साहित्य सतत उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. कडब्याऐवजी चघळायला टांगलेल्या साखळीचे कुतूहल मात्र लवकर ओसरते. दाटीवाटी, कोंदट हवा किंवा खाद्यातील मिठाची कमतरता असेल, तर एकटा कडबा पुरणार नाही. शिवाय ४० अंशांपुढच्या आपल्या उन्हाळ्यात जाड थर अंथरू नये, कारण त्याने उष्णता कोंडते.