वाचकांचे प्रश्न : आधी उजेड, मग रंग

या वेळच्या पत्रांत बागेच्या आणि निसर्गदृश्यांच्या फोटोंवरचेच प्रश्न जास्त आहेत. फोटो काढताना ठीक वाटला, घरी पडद्यावर पाहिला तर साधाच निघाला, आणि सुधारायला घेतला तर बिघडला, अशी बहुतेकांची तक्रार आहे. उत्तरांतली स्लायडरची नावे लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधली आहेत. डार्कटेबल किंवा स्नॅपसीड अशा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावे आणि आकडे वेगळे असतील, पण कामाचा क्रम तोच. दिलेले आकडे सुरुवातीसाठी आहेत. तुमच्या फोटोला किती हवे ते डोळ्यांनी ठरवा.

प्रत्यक्षात डोंगर, ढग, खालची झाडी सगळे डोळ्यांत भरत होते. फोटो मात्र सपाट आणि करडा आला. कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवले की तो भडक होतो, पण छान होत नाही. सुरुवात कुठून करावी?

रंगापासून नको. सपाटपणा बहुतेक वेळा उजेडाचा दोष असतो. त्यावर रंग चढवला की फोटो भडक होतो आणि सपाटही राहतो.

आधी फोटो सरळ करा आणि क्रॉप करा. जो भाग शेवटी ठेवायचाच नाही, त्याच्यामुळे हिस्टोग्राम (गडद ते उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख) दिशाभूल करतो. मग एक्स्पोजर असे लावा की मुख्य विषय नीट उजेडात दिसेल. आकाशाची काळजी एवढ्यात नको. त्यानंतर ऑल्ट कळ दाबून धरा (मॅकवर ऑप्शन) आणि व्हाइट्स उजवीकडे सरकवा. पडदा काळा होतो आणि जिथला तपशील जळू लागतो, म्हणजे नुसता पांढरा होऊ लागतो, तिथे ठिपके उमटतात. पहिले ठिपके दिसले की किंचित मागे या. तीच कळ धरून ब्लॅक्स डावीकडे नेताना पडदा पांढरा होतो. तिथे गर्द सावलीत थोडे ठिपके राहिले तरी चालते. धुक्याचा फोटो याला अपवाद आहे. दाट धुक्यात गडद काळा रंग नसतोच, तो ओढून आणला की धुके मरते.

नुसती ही दोन टोके जागेवर आली की बराचसा करडेपणा जातो. पुढे हायलाइट्स −३० ते −५० आणि शॅडोज +२० ते +३५ एवढ्यावर थांबा. शॅडोज +१०० केले की सावल्या जातात, त्यांच्याबरोबर फोटोची खोलीही जाते, आणि अंधारातला नॉइज (दाणेदारपणा) उघडा पडतो.

आता मास्क, म्हणजे फोटोच्या निवडलेल्या भागापुरताच बदल. त्याआधी एकच गोष्ट ठरवा : पाहणाऱ्याची नजर कुठे थांबायला हवी? नजर उजळ, उबदार आणि रेखीव जागेकडे ओढली जाते. त्या जागेवर रेडियल (गोलाकार) मास्क टाका, फेदर (कडेचा मऊपणा) १०० च्या जवळ ठेवा, एक्स्पोजर +०.३ आणि टेम्परेचर +५ द्या. मग दुसरा मास्क घेऊन कडेच्या उजळ जागा −०.३ ने दाबा : कोपऱ्यातला पांढरा दगड, पायवाटेचे टोक, रिकामा आकाशाचा तुकडा. साध्या फोटोचे रूप बदलते ते या दुसऱ्या मास्कने, आणि तोच बहुतेक जण टाकत नाहीत. मास्क चालू-बंद करून पाहा. त्याची कड जाणवली तर फेदर कमी आहे किंवा जोर जास्त झाला आहे.

बागेतली हिरवळ नेहमी प्लास्टिकसारखी दिसते. हिरवा रंग कमी केला तर फारसा फरकच पडत नाही. का?

कारण गवत आणि पाने आपल्याला हिरवी वाटली तरी त्यांच्यात पिवळा भरपूर असतो. विशेषतः कोवळी पाने आणि उन्हातले गवत सॉफ्टवेअरच्या हिशेबात बरेचसे ‘पिवळ्या’ पट्ट्यात पडते. म्हणून कलर मिक्सरमध्ये हिरव्याचा स्लायडर हलवला तर गर्द पाने बदलतात आणि हिरवळ जागची हलत नाही. टार्गेट टूल घेऊन थेट गवतावर ओढा, म्हणजे कोणता स्लायडर किती हलतो ते समोर दिसेल.

पिवळ्याचे सॅच्युरेशन −१५, हिरव्याचे −२० इथून सुरू करा. गवत रोगट पिवळे वाटत असेल तर पिवळ्याचा ह्यू (रंगाची छटा) +१० ते +१५ करा, म्हणजे तो हिरव्याकडे सरकतो. पाने निळसर वाटत असतील तर हिरव्याचा ह्यू −१० करून पिवळ्याकडे आणा. दोन्ही एकदम आणि खूप हलवू नका. सगळ्या छटा एकाच हिरव्यात जमल्या की झुडूप, वेल आणि गवत यांतला भेद पुसला जातो. बागेच्या फोटोचा जीव या छटांच्या फरकात असतो, तो कोणत्याही किमतीला वाचवा.

नियॉन दिसण्यामागे रंगाइतकाच उजेडही असतो. पिवळ्याचा ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) −१० केला की बरेचदा सॅच्युरेशनला हात लावावा लागत नाही. आणि एकूण रंग वाढवायचाच असेल तर व्हायब्रन्स घ्या. तो आधीच गडद असलेल्या रंगांना कमी ढकलतो, सॅच्युरेशन सगळ्यांना सारखेच रेटते.

दाट झाडीखाली काढलेल्या फोटोत आणखी एक अडचण येते. पानांतून गाळून आलेला उजेडच हिरवट असतो, त्यामुळे दगड, माती, पांढरी फुले यांवरही हिरवी झाक चढते. तिथे टिंट +५ ते +१० मॅजेंटाकडे न्या. पांढऱ्या फुलावर नजर ठेवा. ते गुलाबी होऊ लागले की तुम्ही पुढे गेलात.

लाल गुलाबाचा फोटो काढला की पाकळ्या एकमेकींत मिसळून एकच लाल डाग होतो. एक्स्पोजर तर बरोबर होते.

एकूण उजेड बरोबर असेल, पण फोटो ज्यांतून बनतो त्या लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांपैकी लाल वाहिनी (चॅनेल) एकटीच भरून गेली आहे. हिस्टोग्राममध्ये फक्त लाल डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर प्रोफाइल ‘व्हिव्हिड’ किंवा ‘लँडस्केप’वरून ‘न्यूट्रल’वर आणा, कित्येकदा एवढ्यानेच पाकळ्यांच्या कडा परत येतात. उरले तर फुलापुरता मास्क घ्या, सॅच्युरेशन −१५, हायलाइट्स −३०, टेक्स्चर +१५. जेपेगमध्ये जळालेला लाल परत आणता येत नाही, म्हणून असे फूल टिपतानाच एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवा आणि कॅमेऱ्यात रंगांचा हिस्टोग्राम चालू करा.

निळी फुले फोटोत जांभळी का दिसतात?

काही निळी फुले डोळ्याला जेमतेम जाणवणारा टोकाचा लाल प्रकाशही परतवतात. सेन्सर तो टिपतो आणि निळ्यात लाल मिसळून जांभळा होतो. टेम्परेचर थंड करून हे सुटत नाही, कारण पानेही निळी पडतात. जांभळ्याचा ह्यू −१५ ते −३० करून निळ्याकडे न्या. शक्य असेल तर फुलाशेजारी बसून पडदा आणि फूल ताडून पाहा.

भर दुपारच्या उन्हात काढलेले बागेचे फोटो वाचवता येतात का?

थोडेफार. हायलाइट्स −६०, शॅडोज +३०, कॉन्ट्रास्ट −१५ असे करून ऊन आणि सावली यांतले अंतर कमी करा. मग क्रॉप घट्ट करा. अख्खी बाग दाखवण्याऐवजी एकसारख्या उजेडातला एखादा कोपरा निवडा, तो जवळजवळ नेहमी जास्त चांगला दिसतो. पानांवरची पांढरी चकाकी मात्र एडिटिंगने जात नाही. तिथे पानाचा रंग नोंदलाच गेलेला नसतो, हायलाइट्स खाली ओढले तर पांढऱ्याचा करडा होतो, इतकेच. त्यावर इलाज पोलरायझर फिल्टर, फोटो काढतानाच. बागेच्या फोटोंसाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती हीच.

आकाश गडद केले की झाडांचे शेंडे काळे होतात आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते.

सरळ ग्रेडियंट (एका बाजूने हळूहळू फिका होत जाणारा मास्क) ओढला की त्याच्या वाटेत येणारे सगळेच काळवंडते. ‘आकाश निवडा’ हा मास्क घ्या, किंवा ग्रेडियंटला ल्युमिनन्स रेंजने (उजेडानुसार निवडीने) छेद द्या, म्हणजे तो फक्त उजळ भागावर लागेल. एक्स्पोजर −०.५ च्या फार पुढे नेऊ नका. पांढरी रेघ बहुधा क्लॅरिटी (उठाव वाढवणारा स्लायडर) किंवा डिहेझच्या (धूसरता काढणारा स्लायडर) अतिरेकामुळे येते. दोन्ही आपल्या आसपासच्या उजेडाशी तुलना करून काम करतात, त्यामुळे गडद डोंगर आणि उजळ आकाश जिथे भिडतात तिथे वलय तयार होते. मास्कमध्ये क्लॅरिटी ० करा, मग लागेल तेवढीच चढवा.

आकाश पूर्ण पांढरे जळाले असेल तर ते खाली ओढून करडे करू नका. क्रॉप करून त्याची पट्टी बारीक करा. दुसरे आकाश बसवायचे तर सूर्याची दिशा, जमिनीवरच्या सावल्या आणि पाण्यातले प्रतिबिंब हे तिन्ही जुळावे लागतात. प्रतिबिंब बदलायचे राहून जाते आणि फोटो तिथेच पकडला जातो. आमच्या मते हा खटाटोप न केलेलाच बरा.

डिहेझ किती वापरावे?

फक्त दूरच्या डोंगरांवर, मास्क घेऊन, +१० ते +२०. संपूर्ण फोटोवर लावले तर जवळची झाडी काळपट होते, आकाशात नॉइज आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग वर येतात. लांबची धूसरता सगळी काढू नका. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगांमुळेच अंतर कळते.

तळ्याच्या फोटोत क्षितिज दिसत नाही, काठ तर तिरपाच असतो. सरळ कसे करावे?

काठाच्या मागे लागू नका. तो आपल्यापासून दूर जात असेल तर तिरपाच दिसणार. संथ पाण्यात वस्तूचे टोक आणि त्याचे प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत असतात. स्ट्रेटन टूलने फ्रेमच्या मध्याजवळच्या एखाद्या झाडाच्या शेंड्यापासून त्याच्या प्रतिबिंबातल्या शेंड्यापर्यंत रेघ ओढा. ६००० पिक्सेल रुंद फोटोत १ अंशाच्या कलाने दोन टोकांत सुमारे १०५ पिक्सेलचा फरक पडतो, आणि पाण्याच्या बाबतीत तो लगेच खटकतो.

फोनवरच्या फोटोंवर हे सगळे चालते का?

चालते, पण जोर निम्मा ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. जेपेगचे आकाश फार ओढले की पट्टे पडतात. शिवाय फोनने सावल्या आधीच उजळलेल्या आणि कडा धारदार केलेल्या असतात; तिथे शॅडोज वाढवण्यापेक्षा किंचित कमी करून पाहा. फोनमध्ये रॉची सोय असेल तर महत्त्वाच्या दृश्यांसाठी ती चालू ठेवा.

पडद्यावर सुंदर दिसणारा फोटो छापून आला की काळवंडलेला असतो.

पडदा फार उजळ ठेवून एडिट केले आहे. छपाईसाठी काम करताना पडद्याची उजळी साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर असावी. कारखान्यातून आलेले बरेच पडदे याहून खूप प्रखर असतात. मोजायचे यंत्र नसेल तर पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, शेजारी छपाईचा कागद खोलीच्या उजेडात धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत उजळी कमी करा. मग एकाच फोटोच्या तीन लहान प्रती काढा : एक जशीच्या तशी, एक एक्स्पोजर +०.२ ची, एक +०.४ ची. जिथे फोटो टांगायचा आहे तिथल्या उजेडात त्या पाहा आणि जी जमली त्या आकड्याने मोठी प्रत काढा. १२ बाय ८ इंचांची प्रत ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात. क्रॉप करताना एवढे शिल्लक आहेत ना, ते आधीच बघून घ्या.