बेस वाजवणाऱ्याने गिटार, कीबोर्डही शिकावं का?

नक्की शिका. मी नागपुरात ऑर्केस्ट्रात बेस (खालच्या, जाड सुरांची गिटार) वाजवतो, गणपतीत तर रोज कार्यक्रम असतात.

गिटारपासून सुरुवात करा. बेसच्या ४ तारा, ई-ए-डी-जी, म्हणजे गिटारच्या वरच्या ४ जाड ताराच, फक्त एक सप्तक खाली. त्यामुळे सुरांच्या जागा तुम्हाला आधीच पाठ आहेत. मुख्य फायदा पुढे आहे: गिटारवाल्याचा डावा हात बघून पुढची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) ओळखता येते. धरमपेठेतल्या एका मंडळात गायिकेने ऐनवेळी पट्टी बदलली, तेव्हा मी गिटारवाल्याच्या बोटांवर नजर ठेवून पूर्ण गाणं निभावलं.

कीबोर्डवर एक गोष्ट आजच करून बघा. उजव्या हाताने सी-ई-जी दाबून ठेवा आणि डाव्या हाताने खाली आधी सी, मग ए वाजवा. उजवा हात हललासुद्धा नाही, तरी सी मेजर कॉर्डची ए मायनर सेव्हन कॉर्ड झाली! आपल्या एका सुराने सगळ्या बँडचा रंग बदलतो, हे मला तिथे कळलं.

आणि तबला. याबद्दल कोणी सांगत नाही, पण त्रितालात 'खाली'च्या (टाळी न देता हात उघडा ठेवतात त्या) भागात डग्ग्याचा घुमारा थांबतो ना, ती रिकामी जागा कान देऊन ऐका. कुठे वाजवायचं नाही, हे मी तिथून शिकलो.

बीटल्स बँडचे पॉल मॅकार्टनीही आधी गिटार आणि पियानो वाजवायचे, १९६१ मध्ये बेसकडे वळले. रोज २० मिनिटं दुसऱ्या वाद्याला द्या, बाकी वेळ बेसलाच.