पंचवीस अंशांत बर्फ?

प्रश्न : मुलगी इंदूरला सेस्ना १५२ या दोन आसनी विमानावर शिकते. ऐन श्रावणात, बाहेर २५ अंश असताना, ‘कार्बोरेटरमध्ये बर्फ धरला’ असं सांगत घरी आली. सगळे हसलो. असं खरंच होतं का?
– एक पालक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : होतं, आणि अशाच हवेत होतं. कार्बोरेटर म्हणजे इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणारा भाग. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा जाताना दाब उतरतो, इंधनाची वाफ होताना उष्णताही खेचली जाते. आतलं तापमान वीस ते तीस अंशही घसरू शकतं. माठाचंच तत्त्व, फक्त फार झपाट्यानं. हवेत ओल असली की ती थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, पाकळीवर गोठते. उतरताना पाकळी जवळजवळ मिटलेली असते, म्हणून धोका तेव्हा जास्त.

या विमानाचा पंखा स्थिर कोनाचा आहे, म्हणजे ताकद घटली की त्याचे फेरेही घटतात. त्यामुळे थ्रॉटलला हात न लावता आरपीएम (मिनिटाला फेरे) हळूहळू उतरू लागला, की बर्फाचा संशय घ्यायचा. कार्ब हीटचा, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारा, नॉब पूर्ण बाहेर ओढायचा, अर्धवट नाही. एक्झॉस्टभोवती तापलेली हवा आत येते. आरपीएम आणखी पडतो, वितळलेलं पाणी इंजिनात गेल्यानं ते खडखडतं, आणि इथेच नवशिके घाबरून नॉब परत ढकलतात. तसं करू नये. थोडा धीर धरला की आरपीएम पुन्हा चढतो. उतरताना थ्रॉटल कमी करण्याआधीच हीट लावावी, पण लँडिंग सोडून पुन्हा वर जायचं ठरलं तर फुल थ्रॉटलबरोबर नॉब आत.

रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत, १७०० आरपीएमवर नॉब ओढून पाहतात. आरपीएमचा काटा जरासुद्धा हलला नाही तर केबल किंवा झडप तपासायला विमान परत न्यावं. मात्र जमिनीवर नॉब उगाच ओढून ठेवू नये, ही गरम हवा फिल्टरमधून येत नाही. धूळ थेट आत जाते.

प्रश्न : मे महिन्यात दुपारचं उड्डाण टाळतात, ते कशाला? इंजिन तापतं म्हणून?

उत्तर : ते एक, पण खरं कारण हवा विरळ होते हे. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर. पारा ४२ला गेला की विमानाला हवा साधारण ५,५०० फुटांवरची वाटते. इंजिन ११० अश्वशक्तीचं, तेही अशा हवेत पूर्ण ताकद देत नाही. धाव लांबते, चढण मंदावते. दोघं धिप्पाड असतील तर टाकी काठोकाठ भरण्याआधी वजनाचा हिशेब करावा : कमाल मर्यादा ७५७ किलो, आणि इंधन लिटरला सुमारे पाऊण किलो. सकाळी सातची वेळ मागून घ्या.