गाईड म्हणतात प्रस्तावनेत दम नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी भंडाऱ्याच्या साकोली तालुक्यातली, एमए भूगोल शेवटचं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय आहे आमच्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, अन् धानाची शेती. पहिलं प्रकरण दिलं तर गाईड म्हणतात वाचून पटत नाही, दम नाही यात. पाण्याचं महत्त्व, भारतातलं सिंचन, जिल्ह्याचा नकाशा, सगळं तर टाकलं. मग काहून पटत नाही?

उत्तर : ताई, तू पाठवलेलं प्रकरण वाचलं. ‘पाणी हे जीवन आहे’ इथून सुरुवात, मग सिंधू संस्कृती, मग महाराष्ट्राचं पर्जन्यमान, अन् तुझा तलाव उगवतो पार नवव्या पानावर, तोवर परीक्षक पानं उलटवायला लागतो ना बाप्पा. पाण्याचं महत्त्व त्याला पटलेलंच आहे. या तलावांबद्दल काहीतरी कळायचं राहिलंय अन् ते तू शोधलंस, हे त्याला पटवायचंय.

जॉन स्वेल्स नावाच्या भाषा-अभ्यासकानं १९९० मध्ये शोधलेखांच्या प्रस्तावनेच्या तीन पायऱ्या मांडल्या, आधी आपलं क्षेत्र, मग त्यातली रिकामी जागा, मग ती जागा आपण कशी भरतो ते. तुझी पहिली पायरी पसरलीय अन् दुसरी गायबच.

कोहळी समाजाच्या लोकांनी तलाव बांधले, १९५१ मध्ये मालगुजारी (जमीनदारीसारखी सारावसुलीची पद्धत) गेली अन् तलाव सरकारकडे आले, हे एका परिच्छेदात उरकव. त्याच्याखाली ‘या विषयावर कोणीच अभ्यास केला नाही’ असं जे ठोकून दिलंयस ते आधी काढ, मामा तलावांवर काम झालेलं आहे अन् परीक्षकानं त्यातलं एखादं वाचलं असेल तर व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तिथंच अडकशील. त्यापेक्षा आधीच्यांनी काय पाहिलं ते नावानिशी सांग अन् मग लिही की तलावात गाळ साचला, बेशरमची झुडपं माजली, तरी शेवटच्या बांधीपर्यंत (धानाच्या वाफ्यापर्यंत) पाणी पोचतं का, हे माझ्या निवडलेल्या गावांत त्यांनी तपासलेलं नाही. हे वाक्य दुसऱ्या पानापर्यंत यायलाच पाहिजे, नकाशा मागे गेला तरी चालेल.

अन् पुढच्या प्रकरणांत आकड्यांनिशी दाखवता येईल तेवढंच प्रस्तावनेत कबूल कर. ‘शेतकऱ्यांचा सर्वांगीण विकास’ वगैरे कशाला? म्हणूनच निष्कर्ष हातात आले की प्रस्तावना परत लिहायला बस. फक्त सिनॉप्सिसमधली (संशोधनाच्या आराखड्यातली) मंजूर उद्दिष्टं परस्पर बदलू नको, आधी गाईडला विचार.