इंग्लंडला येताना ‘सहेली’चं काय करायचं?

नवऱ्याबरोबर लीड्सला यायचं ठरलंय, ‘सहेली’ ही आठवड्याची गर्भनिरोधक गोळी चालू आहे, तर किती गोळ्या आणू आणि तिकडे खर्च किती, असं तुम्ही विचारलंत. मी इथे कुटुंबनियोजनाच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सहेली (सरकारी दवाखान्यातली ‘छाया’ तीच) लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत (सीडीआरआय) शोधलेली. इथल्या दुकानांत ती मिळत नाही, बऱ्याच नर्सना ठाऊकही नसते. तीन महिन्यांच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा आणि पाकिटावरचं ‘ऑर्मेलोक्सिफेन 30 मिग्रॅ’ हे औषधाचं नाव इथल्या नर्सला दाखवा. कायम भारतातून मागवत बसू नका. पार्सल रखडलं की आठवड्याची गोळी चुकलीच म्हणून समजा.

खर्चाची काळजी सोडा. गोळी, इंजेक्शन, दंडात बसवायचं इम्प्लांट, तांबी, सगळं एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, फुकट. पोचल्यावर आधी जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. डिसेंबर 2023 पासून इंग्लंडमधल्या बऱ्याच फार्मसींत फार्मासिस्टही गोळी सुरू करून देतो.

इथे ‘यूकेएमईसी’ नावाची मार्गदर्शिका वापरतात. तुम्हाला कुठला त्रास आणि साधन कोणतं, हे पाहून 1 ते 4 श्रेणी ठरते. 1 म्हणजे खुशाल घ्या, 4 म्हणजे नकोच. म्हणून रक्तदाब, वजन, सिगारेट, घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली होती का, हे सगळं विचारतील. तुम्ही लिहिलंय, महिन्यातून एकदोनदा पित्ताने डोकं धरतं. असंच सांगितलंत तर नर्स ॲसिडिटी लिहून मोकळी होईल. ती अर्धशिशी (मायग्रेन) असू शकते, म्हणून एकच बाजू ठणकते का, दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते का, ते नीट सांगा. तशी चमक दिसत असेल तर एस्ट्रोजेन या संप्रेरकाची (हार्मोनची) गोळी थेट श्रेणी 4, कारण पक्षाघाताचा धोका. मग बहुधा डेसोजेस्ट्रेल ही एस्ट्रोजेन नसलेली गोळी सुचवतील: रोज एक, मध्ये खंड नाही, 12 तासांपर्यंत उशीर चालतो. पाळीचे पहिले पाच दिवस उलटल्यावर सुरू केलीत तर दोन दिवस निरोध वापरा.

नवऱ्याची सही कुणी मागत नाही. इंग्रजीची धास्ती असेल तर वेळ घेतानाच मराठी दुभाषी मागा, त्याचेही पैसे नाहीत. त्या कामाला नवऱ्याला मात्र नेऊ नका, त्याच्यासमोर निम्म्या गोष्टी बोलायच्या राहतात.

आणि निघण्याआधीच कॉपर टी 380ए ही तांबी बसवून यायचा विचार असेल तर बसवल्याच्या तारखेचं कार्ड जपून आणा. ती इथेही दहा वर्षं चालते.