आधी मेडिकल विंगपर्यंत जाऊन ये, मग बोलू

अरे, आधी ते मॅडम म्हणणं बंद कर, ताई म्हण, चालेल. तुझा मेसेज वाचला. ग्रुपमधल्या बाकीच्यांना सेमिस्टर प्रोजेक्टला हॉरर गेम करायचाय आणि तुला नाही, कारण तुझ्या मते हॉरर म्हणजे अंधार, बंद दार आणि मग कानाशी मोठ्ठा आवाज, त्यात डिझाईन काय डोंबलाचं. तू सगळं आयुष्य स्ट्रॅटेजी खेळण्यात घालवलंयस, तुला नियम दिसले पाहिजेत, हरलो तर का हरलो ते कळलं पाहिजे. ठीक आहे की. बरेच हॉरर गेम तसेच असतात, दुसऱ्यांदा खेळायला घेतलं की कुठल्या कोपऱ्यावर काय अंगावर येणार ते पाठ झालेलं असतं आणि मग जांभया येतात. त्यामुळे हॉरर कसं थोर आहे वगैरे लेक्चर मी देत नाही, असल्या गोष्टी वाद घालून पटत नसतात. एक गेम सांगते, तो खेळ आणि मग ग्रुपला काय सांगायचं ते ठरव.

एलियन आयसोलेशन. ७ ऑक्टोबर २०१४ ला आला, तेव्हा तू शाळेत असशील. तुझ्यासाठी मुद्दाम हाच, कारण तो केलाय क्रिएटिव्ह असेंब्लीनं. हो तीच, टोटल वॉर या युद्धाच्या स्ट्रॅटेजी गेमवाली कंपनी, इंग्लंडमधली. मैदानात हजारोंची सैन्यं भिडवणाऱ्या लोकांनी असा गेम केला की ज्यात खरा शत्रू एकच, परग्रहावरचा एक प्राणी, म्हणजे एलियन, आणि तो मरत नाही. गोष्ट थोडक्यात सांगायची तर १९७९ च्या एलियन सिनेमानंतर पंधरा वर्षांनी त्यातल्या नायिकेची, रिप्लीची मुलगी अमांडा आईचा पत्ता लागतो का बघायला सेवास्तोपोल नावाच्या स्पेस स्टेशनवर जाते, आणि ते स्टेशन आधीच डबघाईला आलेलं असतं. सिनेमा बघितला नसलास तरी काही अडत नाही.

सुरुवातीला तुला वाटेल हे काय, नुसतं चालायचंय आणि दारं उघडायचीत. तेवढं सहन कर. पाचव्या मिशनला मेडिकल विंग लागते, तिथपर्यंत पोचल्याशिवाय मला मत सांगायचं नाही. तिथं एलियन मोकळा सुटतो, आणि मोकळा म्हणजे खरंच मोकळा, अमुक दारातून तमुक वेळेला येईल असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. मेलास आणि परत तिथूनच सुरू केलंस तर तो दुसरीकडूनच येईल. तुझं ते 'पाठ होतं' इथं चालत नाही.

आता तुझ्या कामाचं सांगते. या एलियनचा एआय दोन भागांत आहे. वर एक डायरेक्टर बसलाय, म्हणजे सगळं ठरवणारा प्रोग्रामचा भाग, त्याला तू कुठं आहेस ते कायम माहीत असतं. खालचा, म्हणजे प्रत्यक्ष फिरणारा एलियन, त्याला फक्त दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच कळतं. डायरेक्टर त्याला नेमकी जागा कधीच सांगत नाही, फक्त साधारण दिशा देतो. लपाछपीत एखादं आगाऊ पोरगं राज्य असलेल्याच्या कानात 'जिन्याकडं बघ' एवढंच सांगतं ना, कुठल्या पिंपामागं ते नाही, तसं. पुढचं शोधणं एलियननं स्वतः करायचं. आणि तो तुझ्या आसपास फार वेळ घुटमळला की आत एक मीटर भरत जातं, ते भरलं की डायरेक्टर त्याला मागं खेचतो आणि तो वर हवेच्या डक्टमध्ये निघून जातो. तुला वाटतं आपण हुशारीनं वाचलो. शिवाय त्याच्या काही सवयी सुरुवातीला बंद असतात आणि नंतर उघडतात, म्हणून तो आपल्याकडून शिकतोय असं वाटत राहतं. किती साधी युक्ती आहे बघ, आणि माणसाची पाचावर धारण बसते.

दुसरं म्हणजे माहितीची किंमत. टोटल वॉरमध्ये नकाशा कोपऱ्यात पडलेला असतो, बघितला तर बघितला. इथं हातात मोशन ट्रॅकर आहे, आसपास काय हलतंय ते दाखवणारं यंत्र, पण त्याच्यात बघायला लागलास की समोरचं धूसर होतं, आणि एलियन जवळ असेल तर ट्रॅकरचा आवाज त्यालाही ऐकू जातो. म्हणजे तो कुठाय हे कळून घ्यायचं तर आपण कुठं आहोत ते त्याला कळू देण्याची तयारी हवी. मला तर हा सगळ्या गेममधला सगळ्यात सुंदर नियम वाटतो. सेव्हचंही तेच, भिंतीवरच्या मशीनमध्ये कार्ड घालायचं आणि दिवे लागेपर्यंत थांबायचं, तेवढ्या वेळात मागून तो आला तर गेलास. काही बनवायला मेन्यू उघडलास तरी गेम थांबत नाही. रिव्हॉल्व्हर मिळतं, पण ते एलियनवर झाडून काही होत नाही, आवाजानं तो उलट धावत येतो. पुढं फ्लेमथ्रोअर, म्हणजे आग फेकणारं हत्यार, मिळतो तेव्हा वाटतं आता जिंकलो, तर त्यानं एलियन फक्त पळतो, थोड्या वेळानं परत येतो आणि इंधन संपत आलेलं असतं. यातलं काहीही अंधारावर किंवा किंचाळीवर चालत नाही. सगळे हिशेब आहेत, तुझेच आवडते.

खेळताना दोनतीन गोष्टी पाळ. हार्डवर खेळ, ईझीवर घेतलास तर त्याला चुकवण्यात मजाच उरत नाही. लॉकरमध्ये मुक्काम ठोकू नकोस, टेबलाखालून, ट्रॉलीमागून सरकत राहा, नाहीतर दोन तास पत्र्याच्या फटीतून बघत बसशील आणि मला शिव्या घालशील. कन्सोलवर खेळणार असशील तर कॅमेऱ्याचा माईक चालू करायची सोय आहे, मग तुझ्या खोलीतला आवाजही एलियनला ऐकू जातो. आई जेवायला हाक मारते आणि तू मरतोस. ते सेटिंग घरी लावू नकोस.

दोष आहेत, लपवत नाही. गेम लांबलाय, शेवटाकडं तर आता संपला म्हणेस्तोवर आणखी एक काम निघतं, पांढऱ्या चेहऱ्याच्या त्या अँड्रॉईडबरोबरचे, म्हणजे माणसासारख्या रोबोंबरोबरचे भाग मला थोडे रटाळ वाटतात. आला तेव्हा आयजीएन या गेमच्या वेबसाईटनं १० पैकी ५.९ दिले होते आणि पीसी गेमर मासिकानं त्यालाच वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवलं. दोघांचं म्हणणं मला कळतं, ज्याला सारखं पुढं जायचंय त्याचा या गेममध्ये जीव जातो. तू तसा नाहीस, तू एका वळणावर अर्धा तास विचार करणारा आहेस.

आवाजाकडंही लक्ष दे, २०१५ चा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळालाय त्याला. आणि दिसण्याचा एक किस्सा तुमच्यासारख्या बिनपैशाच्या ग्रुपला उपयोगी पडेल, स्क्रीनवरचे ते जुनाट थरथरणारे ग्राफिक्स हवे होते म्हणून त्यांनी स्वतःचे व्हिडिओ जुन्या व्हीएचएस टेपवर रेकॉर्ड केले, टीव्हीवर लावून तो टीव्ही हलवला, लोहचुंबक धरलं आणि जे बिघडलं तेच गेममध्ये वापरलं.

प्रोजेक्टबद्दल म्हणशील तर ग्रुपशी भांडू नकोस, फक्त एक अट घाल. आधी राखाडी ठोकळ्यांची एक लेव्हल करा, दोन कॉरिडॉर, तीन खोल्या, एक शत्रू. सगळे दिवे चालू, म्युझिक शून्य, मॉन्स्टरच्या जागी औषधाच्या गोळीसारखा साधा आकार, एक कॅप्सूल. ती वर्गातल्या कुणालातरी खेळायला द्या आणि मागं उभं राहून बघा, तो कोपऱ्यावर थांबतोय का, परत फिरतोय का. थांबत असेल तर मग खुशाल अंधार करा आणि आवाज टाका. नसेल थांबत तर नियम बदला, टेक्श्चर म्हणजे वरची रंगरंगोटी करत बसू नका. हे तू त्यांच्यापेक्षा चांगलं करशील, कारण तू सहजासहजी घाबरत नाहीस, टेस्टिंगला असाच माणूस लागतो.

लॅपटॉप रडत असेल तर २०२१ पासून हा गेम फोनवरही आहे, टचवर जरा हात आखडतो, जमलं तर कंट्रोलर जोड. हेडफोन मात्र हवेतच, कुणाचेतरी माग. मेडिकल झालं की फोन कर, रात्री अकरानंतर केलास तरी चालेल, जागीच असते.

ताई