भातखाचरांतली तीन देवळं

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही दोघं इंडोनेशियातल्या जावा बेटावर योग्यकर्ता शहरात जाणार आहोत. बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप आणि प्रांबाननची हिंदू मंदिरं नक्की आहेत, पण एक दिवस मोकळा उरतो. तिथे भातशेतीत फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या जुन्या देवळांचे अवशेष आहेत, असं ऐकलं. एका दिवसात काय पाहून होईल? यजमानांचे गुडघे दुखतात, तेव्हा चढउतारही सांगा. – एक वाचक, सातारा

उत्तर : तो दिवस खरेदीत घालवू नका, एवढं आधी सांगते. प्लाओसान, सोजिवान आणि सांबिसारी ही तीन देवळं पाहा. तिन्ही शहराच्या पूर्वेला, प्रांबाननच्या आसपास आहेत. दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवा आणि त्याला नावं सांगताना आधी ‘चंडी’ लावा. तिथे जुनं देऊळ शिवाचं असो की बुद्धाचं, त्याला चंडीच म्हणतात.

सकाळी पहिल्यांदा प्लाओसान. प्रांबाननपासून जेमतेम दीडेक किलोमीटर, पण तिथली गर्दी इथे येत नाही. चहूकडे खाचरं, पाटाचं पाणी असल्यामुळे एकीकडे लावणी चाललेली, तर बांधापलीकडे लोंब्या वाकलेल्या. नवव्या शतकातली दोन मोठी बौद्ध देवळं शेजारी शेजारी उभी आहेत. त्यांच्याभोवती 58 छोटी देवळं आणि 116 स्तूप होते. आज बहुतेकांचे दगडांचे ढीग उरलेत. ते ओलांडून पुढे जाऊ नका. काही दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत राजा राकाई पिकातानचंही आहे. दक्षिणेकडच्या देवळात आतल्या भिंतींवर पुरुष उपासक कोरलेत, उत्तरेकडच्यात स्त्रिया. आत मान वर करून पाहिलंत तर भिंतीत तुळयांच्या खोबण्या दिसतील. देवळं दुमजली होती, लाकडी मजला केव्हाच गेला. आमच्या आजोळच्या पडक्या वाड्यात माळ्याच्या खोबण्या अगदी अशाच आहेत. मी तिथे कितीतरी वेळ नुसती उभी होते. आवारात सपाट चालणं आहे, फक्त देवळात शिरताना पायऱ्या चढाव्या लागतात.

सोजिवान या बौद्ध देवळाला तासभर पुरे. 2006च्या भूकंपात त्याला धक्का बसला होता; जीर्णोद्धार 2011मध्ये पुरा झाला. पायाशी जातक-पंचतंत्रासारख्या प्राण्यांच्या गोष्टींची शिल्पं आहेत. मगरीच्या पाठीवरचं माकड आणि दोन हंसांनी काठीला धरून उडवत नेलेलं कासव मला लांबूनच ओळखता आलं. लहानपणी ऐकलेली गोष्ट समुद्रापलीकडे हजारेक वर्षांपूर्वी दगडात कोरलेली पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नातवंडांसाठी तिथले फोटो जरूर काढा.

सांबिसारी मात्र शेवटी ठेवा, परतीच्या वाटेवर मुख्य रस्त्याच्या उत्तरेला. 1966मध्ये शेत खणताना एका शेतकऱ्याचं कुदळ कोरीव दगडावर आदळलं, तेव्हा हे शिवमंदिर सापडलं. मेरापी ज्वालामुखीच्या राखेने आणि चिखलाने ते साडेसहा मीटर खोल गाडून टाकलं होतं. आज काठावर उभं राहिलं की कळस जवळजवळ आपल्या पायांच्या पातळीवर असतो आणि अख्खं देऊळ खाली खड्ड्यात. गाभाऱ्यात लिंग आहे. दार पश्चिमेला, म्हणून प्रदक्षिणा घालताना आधी उत्तरेची महिषासुरमर्दिनी भेटते, मग मागचा गणपती, मग दक्षिणेला दाढीवाले अगस्ती. आपल्याकडे शिवमंदिराच्या कोनाड्यात अगस्ती सहसा दिसत नाहीत. जावात मात्र त्यांना हे मानाचं स्थान आहे.

खाली उतरायच्या पायऱ्या उंच आहेत. यजमानांना जमत नसेल तर त्यांना काठावरच बसू द्या. वरून चारही बाजूंनी देऊळ नीट दिसतं, आणि ते केवढं खोल गाडलं गेलं होतं हे वरूनच जास्त कळतं. तुम्ही मात्र उतरा. ऑगस्टमध्ये पावसाची भीती फारशी नाही, पण सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून चारपर्यंत तिथे पोहोचा. आणि त्याच दिवशी प्रांबानन कोंबू नका, त्याला वेगळी सकाळ द्या.